चहाला या

समिती म्हणायचं नाही,
हे पहिल्या दिवशी ठरलं.
बैठक म्हणायचं नाही, हे दुसऱ्या.
चार माणसांनी एकत्र येऊन नाव ठेवलं
की कागद लागतात, शिक्के लागतात,
आणि आम्ही सगळे दोन-दोन वर्षांच्या मुदतीचे.
दापोलीकडचे मुकादमचाचा म्हणाले,
"चहा म्हणा, वहिनी.
चहाला कोण हरकत घेतो?"

सुरुवात झाली ती घाणीतून.
शारजात, अबू शगाऱ्यातल्या आमच्या बोळात
दोन्ही इमारतींच्या बावन्न एसींचं पाणी ठिबकायचं,
शेवाळ धरायचं
(वाळवंटात शेवाळ, सांगितलं तर माहेरी हसतील),
आणि त्यावरून तिसऱ्या मजल्यावरची अच्चम्मा
रात्रपाळीहून येताना घसरली.
मनगट मोडलं. नर्सचं, उजवं.
सात वर्षं तिच्या दारावरून जात होते मी.
नाव त्या दिवशी कळलं,
प्लास्टरवर लिहिलेलं होतं म्हणून.

मग चहा. माझ्याकडे,
कारण खुर्च्या माझ्याकडे सहा.
आले अकरा.
गणित शिकवणाऱ्या रिफअत सरांनी
पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
एका एसीचं दिवसाला इतकं, गुणिले बावन्न,
म्हणजे रोज एक बाग सांडतो आपण.
शमशादबाजी म्हणाल्या, बाग राहू दे,
आधी जिन्यातला दिवा.
मारिसेलने वही काढली.
वहीच्या मागच्या पानांवर तिचा किराणा,
पुढच्या पानांवर आम्ही.

नातूर जमालभाई दारातच उभा.
बसा म्हटलं तर बसेना.
"मी मालकाचा माणूस," म्हणाला.
कप मात्र रिकामा करून दिला,
आणि जाता जाता, चपलेकडे बघत,
गच्चीवर जुना पाइप पडलाय, कुणी विचारत नाही.

दोन शुक्रवार गेले.
पाइप चुकीच्या उताराने बसला, पुन्हा काढला.
चौथ्या मजल्यावरचे टिळेकर खिडकीतून बघत राहिले.
पाच दिरहम मागायला गेले तर म्हणाले,
"माझं घर तिकडे आहे. इथे मी फक्त राहतो."
आमच्यापैकी कुणाचं वेगळं होतं?
ते कधीच आले नाहीत.
पण कचऱ्याच्या पिशवीला आता गाठ मारतात.

बोळाच्या टोकाला एक कडुनिंब होता,
अर्धा वाळलेला. कुणी लावला माहीत नाही.
कुठल्या यादीत नव्हता,
आमच्यासारखाच कधीतरी आला असेल आणि राहिला.
पाइपचं तोंड त्याच्याकडे वळवलं.
मुकादमचाचांच्या मोडक्या पलंगाचं बाक झालं, त्याच्याखाली.
ऑगस्टच्या दुपारी त्यावर
खाण्याची पार्सलं पोचवणारा एक मुलगा
मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेला दिसला,
तेव्हा कुणी काही बोललं नाही.
अच्चम्माने डाव्या हाताने पाण्याची बाटली खाली सोडली,
दोरीला बांधून.

पाडव्याला मी त्याच झाडाची डहाळी तोडली.
शमशादबाजींनी पान चावून बघितलं
आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं
की मी फसवलंच त्यांना.

वहीत अक्षरं बदलत गेली.
मारिसेलची गोल, शेपटीवाली;
तिची कंपनी बंद झाली, एका आठवड्यात गेली,
किराण्याची पानं फाडून न घेता.
मग रिफअत सर, आकडे अरबी.
मग मी, मराठीत,
आणि जमाखर्च कुणाला वाचता येईना,
म्हणून दर वेळी मोठ्याने वाचायची पद्धत पडली.

आता माझंही एकवीसचं विमान.
खुर्च्या वाटल्या. एक जमालभाईला;
ती त्याने जिन्याखाली ठेवलीय, प्लास्टिकसकट.

काल दुसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं.
दार किलकिलं झालं, मागे न उघडलेल्या बॅगा,
कडेवर पोर असलेली एक नेपाळी मुलगी.
म्हटलं, शुक्रवारी चहाला या.
तिला वाटलं मी काहीतरी विकायला आलेय.
"नको," म्हणाली, "आम्ही दोनच वर्षं आहोत."

वही तिच्या हातात दिली.
म्हटलं, येताना कप आणा.
आमच्यात अकराच आहेत.